तपकिरी म्हणजे नेमका कुठला?

आपलं सगळं व्यवस्थित चाललंय ही गोष्ट माणसाने मोठ्याने बोलू नये. डेस प्रिडमोर बोलला. जुलैतल्या, म्हणजे आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यातल्या, एका गारठलेल्या सकाळी हीटरजवळ पाय शेकत तो बायकोला, ग्लेनिसला, म्हणाला, "ग्लेन, या वर्षी कोर्सचं काही म्हणजे काही काम उरलेलं नाही," आणि समाधानाने टोस्टला लोणी लावू लागला. लोणी टोस्टच्या दुसऱ्या कडेपर्यंत पोचायच्या आत विद्यापीठातून फोन आला.

डेस आमच्या बुरामिनच्या विद्यापीठात माती शिकवतो. असं सांगितल्यावर समोरचा माणूस जरा थांबतो, पुढे आणखी काहीतरी येईल म्हणून वाट बघतो. पुढे काही येत नाही. माती हाच विषय, आणि आता तो बहुतेक सगळा ऑनलाइन. विद्यार्थी कुठेकुठे पसरलेले असतात, कुणी मेंढ्यांच्या शेडमध्ये, कुणी खाणीवरच्या तंबूत. त्यांना माती दाखवायची तर फोटोच दाखवायला हवेत. म्हणून डेसने आयुष्यभर, ज्याने ज्याने खणू दिलं त्याच्या शेतात खड्डे खणले आणि खड्ड्याच्या भिंतीचे फोटो काढले.

अशा फोटोत खड्डा किती खोल आहे ते कळावं म्हणून काहीतरी ओळखीची वस्तू ठेवण्याची पद्धत आहे. कोणी हातोडी ठेवतं, कोणी मोजपट्टी. डेस आपल्या कुत्र्याला बसवायचा. त्याचं नाव पिकल. कुत्र्याचं माप सगळ्यांना ठाऊक असतं, असं डेसचं म्हणणं. पुढे पिकल सुटत गेला आणि त्यामुळे नंतरचे खड्डे उथळ वाटतात, ही गोष्ट अलाहिदा.

तर फोन आना फिफिताचा होता. आंधळे, बहिरे, हात न चालणारे, अशा सगळ्या विद्यार्थ्यांना विद्यापीठाची वेबसाइट वापरता यावी हे बघण्याचं काम तिच्याकडे. टोंगा बेटांवरची बाई, आवाज मऊ, आणि त्या मऊ आवाजात ती माणसाला कामाला लावते.

"डेस, तुझा काटा लाल आहे."

"माझा कुठला काटा?"

"कोर्सच्या नावाशेजारी छोटा काटा दिसतो बघ. तुझं पान सगळ्यांना वापरता येतं की नाही, ते यंत्र तपासतं आणि काटा हलवतं. तुझा हलतच नाहीये. मला वाटलं बिघडला, म्हणून मी दुसऱ्यांदा तपासायला लावला."

"मग?"

"नाही बिघडलेला."

सत्र सुरू होईपर्यंत काटा हिरवा झाला नाही तर कोर्स साइटवरून उतरवणार, असा वरून हुकूम होता. डेस म्हणाला, "उतरवू देत. एक सत्र आराम."

"रेलीन क्रॉफ्टने तुझ्या कोर्सला नाव घातलंय," आना म्हणाली.

रेलीन पश्चिमेकडची. डांबरी रस्ता संपतो, त्याच्याही बरंच पुढे तिचं घर. चाळिशीपर्यंत ती लोकर कातरायच्या शेडमध्ये लोकरीची प्रत ठरवायची. मग तिचे डोळे गेले, हळूहळू, आणि पूर्ण. घरी बसायचा तिला कंटाळा आला म्हणून तिने विद्यापीठात नाव घातलं आणि कानाने ऐकत ऐकत एकेक कोर्स पार केला. आता हा एकच उरला होता. नदीखोरं मंडळाने तिच्यासाठी नव्या वर्षापासून एक जागा धरून ठेवली होती. कुठल्या जमिनीत पाणी साचतं, कुठे क्षार वर येतात, ते शेतकऱ्यांना सांगायची नोकरी. नाताळाच्या आत पदवी हातात आली तर जागा तिची, नाहीतर दुसऱ्या कोणाची. आणि डेसचा कोर्स पुन्हा येणार तो थेट पुढच्या हिवाळ्यात.

यानंतर डेसने 'आराम' हा शब्द पुन्हा उच्चारला नाही. "काय करायचं सांग," तो म्हणाला.

करायचं ते सोपं होतं. प्रत्येक फोटोमागे एक चौकट असते. डोळे असलेल्याला ती दिसत नाही. आंधळ्या माणसाच्या कॉम्प्युटरमध्ये पडद्यावरचं सगळं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम असतो, तो फोटोपाशी आला की या चौकटीतला मजकूर वाचतो. डेसच्या सगळ्या चौकटी रिकाम्या होत्या. त्यामुळे त्याचं पान ऐकणाऱ्याला फक्त 'चित्र, चित्र, चित्र' एवढंच ऐकू येत होतं.

"तू कोणाला फोनवर फोटो समजावून सांगशील ना, तसं लिही," आना म्हणाली.

शनिवार-रविवारचं काम, असं म्हणून डेस बसला. पहिल्या फोटोच्या चौकटीत त्याने लिहिलं, 'तपकिरी माती.' दुसऱ्यात लिहिलं, 'तपकिरी माती.' तिसरा फोटो त्याने बराच वेळ न्याहाळला, चष्मा पुसला, आणि लिहिलं, 'तपकिरी माती, कुत्रा.' यंत्राने लगेच कुरकुर केली की एकच वर्णन पुन्हा पुन्हा चालणार नाही. मातीत रंगाला फार महत्त्व. कुठे फिकी, कुठे गडद, कुठे नारिंगी ठिपके, यावरून पाणी मुरतं की तुंबतं ते कळतं. हे सगळं डेसला झोपेतसुद्धा सांगता आलं असतं. पण सांगताना तो बोटाने फोटो दाखवायचा आणि म्हणायचा, "हे बघा, असं." आता बोट काढून घेतल्यावर उरलं ते 'असं'.

शेजारचा क्लाईव्ह कुंपणावरून डोकावलाच. क्लाईव्हचं पूर्वी रंगाचं दुकान होतं, आणि दुकान विकताना त्याने सल्ला द्यायचा धंदा मात्र स्वतःकडे ठेवला होता. "तपकिरी? अरे, मला विचार! तपकिरीवर माझं घर उभं राहिलंय," असं म्हणत तो घरातून रंगांच्या नमुन्यांच्या पत्त्या घेऊन आला. त्यांत तपकिरीच्या छटांना नावं होती, 'उंटाचं स्वप्न', 'वाळवंटातली कुजबुज', 'आजोबांचा कोट'. क्लाईव्ह एकेक पत्ती फोटोला लावून बघत होता आणि मोठ्याने नावं वाचत होता. डेसने दोन चौकटींत 'उंटाचं स्वप्न' असं लिहिलं, मग स्वतःचीच लाज वाटून खोडलं.

ग्लेनिस चर्चच्या गायकवृंदात गाते. तिचं मत वेगळं पडलं. "त्यात भावना ओत रे जरा. खड्डा बघून तुला काय वाटतं?"

"कंबर दुखते असं वाटतं."

"मग तेच लिही!"

ती चेष्टेत बोलली. पण संध्याकाळी, नाकी नऊ आल्यावर, डेसने खरोखरच एका चौकटीत लिहिलं, 'इथे माझी कंबर धरली होती.' आणि काटा हलला. लालमधून जरा पुढे सरकला. डेसने चष्मा काढला, पुन्हा घातला. पुढच्या चौकटीत त्याने लिहिलं, 'या मालकाने चहासुद्धा विचारला नाही.' काटा आणखी पुढे. त्या यंत्राला चौकट भरलेली असण्याशी मतलब होता, कशाने भरली याच्याशी नाही. निदान या बाबतीत ते आमच्या विद्यापीठाच्या रीतीला धरूनच होतं.

आता डेसची बाजू समजून घ्या. हा मनुष्य साठीला आलेला, भिडस्त. कोणी काही बोललं तर मनात ठेवणारा. आणि त्याला अचानक सापडल्या अशा चौकटी की ज्यांत काहीही लिहावं आणि कोणाला दिसू नये. नंतर सावकाश खरं वर्णन घालू, असं त्याने स्वतःला बजावलं आणि सुटला. क्लाईव्हने नेलेली कुदळ, ग्लेनिसची बहीण, विभागातलं बिघडलेलं कॉफीचं यंत्र, सगळं त्या चौकटींत गेलं. रविवारी दुपारी काटा टकाटक हिरवा झाला, आणि डेसला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं इतकं हलकं वाटलं.

सोमवारी डीन मार्कस व्हिटलोचा फोन. "डेस! आपल्या विभागात तुझा एकट्याचा शंभर टक्के हिरवा! कुलगुरू येतायत पुढच्या महिन्यात, त्यांना तुझंच पान दाखवू." विभागात चहाबरोबर लॅमिंग्टन आले, डेसच्या पाठीवर थापा पडल्या. खोबरं लावलेल्या त्या केकचा तुकडा घशाखाली उतरवताना त्याला जरा अवघड गेलं, पण त्याने दोन खाल्ले. सत्र सुरू झालं. खरं वर्णन घालायचं उद्यावर आणि उद्याचं परवावर गेलं.

मग रेलीनचा फोन आला.

"डेस? रेलीन बोलतेय. पहिला भाग ऐकून झाला. ग्लेनिसची बहीण येतेय का रे मग नाताळला?"

डेस म्हणाला, "तुला... तुला कोणी सांगितलं?"

"तूच. तिसऱ्या खड्ड्यात. 'ग्लेनिसच्या बहिणीला पुन्हा नाताळाला बोलावलंय, मला विचारलं नाही.' आणि क्लाईव्हने कुदळ दिली का परत?"

 जगात ज्या चौकटी फक्त एका बाईसाठी होत्या, त्याच आपण खाजगी समजून बसलो हे त्याला त्या क्षणी कळलं. कान तापले. तो काहीतरी पुटपुटू लागला.

"अरे, माफी कसली मागतोस? इतकी करमणूक मला कुठल्याच कोर्सने केली नाही. हे ऐक," असं म्हणून तिने फोन आपल्या कॉम्प्युटरजवळ धरला. डेसला नुसता गांधीलमाशीचा आवाज ऐकू आला.

"हे काय आहे?"

"तुझाच आठवा खड्डा. सवयीने मी वेग वाढवत नेला. तुमच्यासारखं हळू ऐकत बसले असते तर अजून पहिल्या वर्षातच असते." मग तिने प्रोग्रॅम बंद केला. "डेस, एक विचारू? शेवटी शेवटी तू लिहिलंयस, 'हा पिकलचा शेवटचा खड्डा. इथून पुढे मापाला टोपी.' गेला का तो?"

"हो. दोन हिवाळे झाले."

"कोणी विचारलं नसेल तुला."

"फोटो सगळ्यांनी बघितलेत," डेस म्हणाला. "टोपी कोणाच्या लक्षात आली नाही."

"हं. बरं, आता माझं ऐक. करमणूक झाली. पण परीक्षेत मला खड्डा ऐकून सांगायचंय की इथे पाणी तुंबतं का, क्षार आहेत का. आणि तुझ्या कोर्सात मला कुदळ कळली, कंबर कळली, मेव्हणी कळली. माती तेवढी नाही कळली. नोव्हेंबरात मी काय लिहू?"

ती रागावली असती तर डेसला बरं वाटलं असतं. ती नुसती विचारत होती. फोन ठेवल्यावर ग्लेनिसने काय झालं म्हणून विचारलं तेव्हा त्याने तिला सगळं सांगितलं, मेव्हणीसकट. ग्लेनिस दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "बहिणीचं नंतर बघू. त्या बाईचं काय करणार आहेस?"

काय करायचं ते रेलीननेच सुचवलं. चाळीस वर्षं तिला डोळे होते. रंग तिला माहीत होते, फक्त ते स्वयंपाकघरातले आणि शेडमधले होते. "तुझ्या पुस्तकातल्या रंगांच्या नंबरांनी माझं काही होणार नाही," ती म्हणाली; मातीच्या प्रत्येक रंगाला पुस्तकात एक नंबर असतो. "मला चहात सांग. टोस्टमध्ये सांग."

आणि म्हणून ऑगस्टभर प्रिडमोरांच्या स्वयंपाकघरात एक विचित्र कारखाना चालला. टेबलावर फोन मोठ्या आवाजात लावलेला, त्यात रेलीन. ग्लेनिस पाव भाजायची, एक जेमतेम गरम झालेला, एक जरा जास्त, असं करत करत काळाठिक्कर पडेपर्यंत. पहिल्याच दिवशी धुराची घंटा वाजली आणि क्लाईव्ह बादली घेऊन कुंपणावरून उडी मारून आला. आल्यावर गेला नाही. तो पत्त्या घेऊन बसला.

"उंटाचं स्वप्न," तो फोटोकडे बघून म्हणाला.

"मी उंट बघितलेत," फोनमधून रेलीन. "आमच्या कुंपणावरून वाकून झाडं खातात. कुठला उंट? अंघोळ केलेला का?"

क्लाईव्ह जन्मात पहिल्यांदा गप्प झाला. मग म्हणाला, "नाही. धुळीतला."

"हां, आता कळलं!"

क्लाईव्हला यानंतर चेव चढला. कुदळ त्याने दुसऱ्या दिवशी न सांगता परत आणून ठेवली, कारण रेलीनने फोनवरून तिची रोज चौकशी सुरू केली होती. भांडणं फार झाली. वरचा थर म्हणजे व्हेजिमाइट, आमच्याकडचा पावावर लावायचा तो काळा खारट लेप, पातळ लावलेला टोस्ट, यावर एकमत व्हायला अख्खी संध्याकाळ गेली, कारण पातळ म्हणजे किती यावर क्लाईव्हच्या आणि ग्लेनिसच्या घराण्यांत मूलभूत मतभेद होते. शेवटी प्रत्येक छटेला एक टोस्ट ठरला आणि ते ओळीने मांडून ठेवले. क्लाईव्हने बोलता बोलता तिसऱ्या क्रमांकाची छटा खाल्ली. ती पुन्हा जुळवेपर्यंत पाव संपला.

पण डेस कामाला लागला होता. तो नुसता रंग सांगत नव्हता. बोट न दाखवता सांगायचं म्हणजे स्वतःला आधी बघायला लागतं, आणि तो स्वतःचेच फोटो नव्याने बघत होता. 'वर दोन बोटं काळपट, जाड व्हेजिमाइट. खाली गुडघ्याएवढा थर भरपूर दुधाच्या चहाचा. त्याखाली राखाडी, आणि त्यात आल्याच्या बिस्किटाच्या चुऱ्यासारखे नारिंगी ठिपके. म्हणजे इथे पाणी तुंबतं.' हे त्याने फोनवर वाचून दाखवलं. मग रेलीन म्हणाली, "दिसलं." डेसने त्या दिवशी आणखी काम केलं नाही, बागेत जाऊन नुसता उभा राहिला.

सगळ्या चौकटी अशा भरल्या आणि काटा लाल झाला.

साधासुधा नाही, पहिल्या दिवसासारखा. यंत्राचं म्हणणं, चौकटीतला मजकूर फार लांब आहे. 'क्लाईव्हने कुदळ नेली' त्याला चाललं होतं, माती चालत नव्हती. डीनचा फोन आलाच.

"डेस, कुलगुरू गुरुवारी येतायत आणि तू लाल? परवापर्यंत हिरवा होता!"

"तेव्हा त्यात काही नव्हतं, मार्कस."

"मग जे नव्हतं तेच परत घाल! नियम म्हणजे नियम. लाल राहिला तर मला कोर्स उतरवावा लागेल, सत्र चालू असलं तरी."

असं होऊ शकतं हे डेसच्या ध्यानातच आलं नव्हतं. जुनी रद्दी घातली तर कोर्स राहतो आणि रेलीन नापास होते. माती ठेवली तर कोर्सच जातो, आणि रेलीनची नोकरी त्याच्याबरोबर. तो आनाच्या दारात जाऊन उभा राहिला. सगळं सांगून त्याने पान उघडून दाखवलं. आनाने त्याची वर्णनं वाचली. एकदा वाचली, पुन्हा वाचली, आणि विचारलं, "हे चौकटीत लपवून का ठेवलंयस?"

"तूच म्हणालीस चौकटीत लिही!"

"थोडक्यात लिही म्हणाले असते, पण मला काय माहीत तू इतकं लिहिशील! अरे, चौकटीत एक ओळ ठेव. बाकीचं फोटोखाली लिही, उघड्यावर. सगळ्यांना वाचू दे. डोळे असलेल्यांना तरी तुझा तपकिरी कुठे दिसतोय?"

हे खरं निघालं. पहिल्या पंधरवड्यातच एका धडधाकट डोळ्यांच्या मुलाने लिहून कळवलं की ते नारिंगी ठिपके त्याला आत्ता पहिल्यांदा दिसले. पण ते पुढे. गुरुवारच्या आदल्या दिवशी डेस खड्ड्यांमागून खड्डे उरकत गेला, काटा हिरवा झाला आणि त्याचा जीव भांड्यात पडला.

सभागृहात कुलगुरू बाई पुढच्या रांगेत. शेजारी डीन, खास टाय लावून. आनाच्या सांगण्यावरून रेलीन स्वतः आली होती, बहिणीने पहाटेपासून गाडी चालवत आणलं होतं. ऐटबाज बाई निघाली, उंच, उन्हाने रापलेली, टोपी मांडीवर. तिने आपला लॅपटॉप सभागृहाच्या स्पीकरला जोडला. पडद्यावर डेसचं पान उघडलं आणि सगळ्यांत वर एक मोठा फोटो आला.

तो फोटो बघून डेस जागच्या जागी गार पडला. विद्यापीठाच्या आवारातल्या शिकवण्याच्या खड्ड्याचं उद्घाटन. तो खड्डा डेसने एकट्याने, भर उन्हाळ्यात, कंबरेला पट्टा बांधून खणला होता. फोटोत मात्र कोरं करकरीत फावडं धरून डीन उभे होते. विभागाने तो फोटो सगळ्या कोर्सांच्या डोक्यावर लावलेला. तो मातीचा फोटोच नव्हता, त्यामुळे चौकटी सुधारताना डेसच्या ध्यानात आला नव्हता. पण पहिल्या फेरीत, त्या हलक्या रविवारी, त्याची चौकट भरायला मात्र तो विसरला नव्हता. काय लिहिलं होतं ते त्याला शब्द न् शब्द आठवलं. 'डीन व्हिटलो फावडं धरून. त्या दोघांची ही पहिलीच भेट. खड्डा मी खणला, फोटोत हा.'

रेलीनने कळ दाबली. सभागृहात गांधीलमाशी गुणगुणली. क्षणात थांबली.

कोणालाच काही कळलं नाही. रेलीनच्या ओठाची एक कड हलली, तेवढीच.

"वा!" कुलगुरू म्हणाल्या. "केवढा वेग! पण आम्हालाही कळू दे ना, काय म्हणतंय ते."

"हो हो, जरा हळू करून लाव," डीन म्हणाले आणि टाय सारखा केला. "माझाच फोटो आहे तो."

डेसने खुर्चीचा हात घट्ट धरला. सेवानिवृत्तीचा अर्ज कसा लिहितात, याचा तो विचार करू लागला.

"हळू केलं की मला झोप येते," रेलीन म्हणाली. "मीच सांगते." तिने तोंड कुलगुरूंच्या आवाजाच्या दिशेने वळवलं आणि सावकाश, बाजारात भाव सांगावा तसं सरळ सांगितलं, "चित्र. डीन व्हिटलो फावडं धरून उभे आहेत. खड्डा डेस प्रिडमोरने खणला."

 कुलगुरूंनी मान वळवली. "तुम्ही खणला? तो एवढा?"

डेस खुर्चीतून अर्धवट उठला. तेव्हा डीनच म्हणाले, आणि जरा लाल होत म्हणाले, "हो. म्हणजे, डेसनेच. मी फक्त... फोटोपुरता." लोक हसले, डीनही हसले. फोटो काढल्यापासून ही गोष्ट पहिल्यांदाच चारचौघांत बोलली गेली होती. डेसला फार बरं वाटलं. ते त्याच्या चेहऱ्यावर इतकं स्पष्ट दिसलं की ग्लेनिसने नंतर त्याला त्यावरून महिनाभर चिडवलं.

बाहेर पडल्यावर तो रेलीनला म्हणाला, "आज जाऊन ती चौकट आधी बदलतो."

"थोडी बदल. पहिली भेट वगळ," ती म्हणाली. "बाकीचं खरंच आहे."

परीक्षा नोव्हेंबरात, तिच्या गावच्या वाचनालयात झाली. देखरेखीला तिथल्या ग्रंथपाल बाई. प्रश्नातलं वर्णन दुसऱ्या प्राध्यापकाने लिहिलेलं, रंगांचे नुसते नंबर. रेलीन अडली. फोटो कसा दिसतो ते ग्रंथपालांनी आपल्या शब्दांत सांगितलं तर चालेल, अशी परवानगी आनाने भांडून आधीच काढून ठेवली होती. रेलीनने विचारलं, "मधला थर चहा म्हणून बघितला तर किती दुधाचा?" बाईंनी चष्मा वर करून फोटो न्याहाळला आणि म्हणाल्या, "दूध घालून कपात विसरलेला. वर साय धरलीय पांढरी." रेलीनने उत्तर दिलं, "क्षार." बरोबर होतं. पाच डिसेंबरला निकाल लागला आणि नव्या वर्षात मंडळाच्या गाडीत ती बहिणीशेजारी बसून पहिल्या शेतावर गेली. नाताळाला ग्लेनिसची बहीण आली होती. तिला कोणीतरी सगळं सांगितलेलं होतं. क्लाईव्हवर संशय आहे.

फेब्रुवारीतल्या एका तापलेल्या दुपारी डेसला रेलीनचा मेल आला. त्यात एक फोटो होता. डेसने उघडला. फोटोत निळंभोर आकाश होतं आणि खालच्या कोपऱ्यात एका बुटाचं टोक. बाकी काही नाही.

तो हसला. मग त्याला आठवलं, आणि त्याने फोटोमागची चौकट उघडून बघितली. तिथे लिहिलं होतं:

'चित्र. कंबरेइतका खड्डा. वरचा थर जाड व्हेजिमाइट, हाताला चिकट. बहीण म्हणते मधला धुळीतल्या उंटाचा. तळाशी ओल, आणि आल्याचं बिस्किट, भरपूर. इथे पाणी तुंबतं, मालकाला सांगितलं. चहा विचारला त्याने. खड्डा मी खणला.'